विहिरीवरचा डबा आणि अकरा वेळा दाबलेलं बटन: जळगाव ते नरडाणा, चार दिवस

आणि हे बघा आबा, डबा खराब नव्हता. फोनवर सांगून सांगून मी थकलो, तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि फोन मायकडे देता. नाना तर माझा फोन उचलतच नाहीत. म्हणून आता इथे लिहितो, सगळ्या जगासमोर. तो डबा मी स्वतः टेबलावर तपासला होता. दोनदा चालू, दोनदा बंद, आतून टक असा आवाज आला की पास. माझ्या हातून पास झालेला डबा मोटर जाळत नाही.

नवीन वाचणाऱ्यांना हे भांडण माहीत नसेल, तर थोडक्यात सांगतो. मी समाधान. नववी नापास, बेंगळुरूला एका कंपनीत कामाला. विहिरीवरच्या मोटरला लावायचा डबा आम्ही बनवतो. डब्यात सिम असतं, फोनमध्ये अ‍ॅप. घरी बसून बटन दाबलं की वावरातली मोटर चालू. दिवाळीला मी पगारातून एक डबा घेऊन घरी बसवून दिला. विहीर आमची आणि नानांची सामाईक. आबा माझे वडील, नाना त्यांचे थोरले भाऊ. तीन दिवस पाणी त्यांचं, तीन दिवस आमचं. म्हणून दोन्ही घरच्या फोनमध्ये अ‍ॅप टाकलं, सगळ्यांना एकच पासवर्ड दिला आणि छाती फुगवून बेंगळुरूला परत आलो.

महिना झाला नाही तोच मोटर जळाली. आबा म्हणतात नानांनी मुद्दाम केलं, नाना म्हणतात आबांनी. डब्याला नावं ठेवताना मात्र दोघांचं एकमत. बोलणं बंद. मोटर सोनगीरला वाइंडिंगच्या दुकानात पडलेली. कांद्याचं रोप वाफ्यात तयार, आठ दिवसांत लावलं नाही तर वाया जाणार. विहिरीत पाणी आहे, पण ते वर काढायला काही नाही.

अशात एक दिवस मीनाक्षी मॅडम आमच्या टेबलापाशी आल्या. लोक आपली वस्तू कशी वापरतात ते त्यांच्या घरी जाऊन बघणं, एवढंच त्यांचं काम. त्याला यूजर रिसर्च म्हणतात. याचा पगार मिळतो हे मला आधी खरंच वाटलं नव्हतं. त्या हिंदीत म्हणाल्या, "जळगाव-धुळ्याकडचे बरेच डबे एकेका सकाळी चालू-बंद, चालू-बंद होताना दिसतात. इंजिनियर म्हणतात व्होल्टेज. मला जाऊन बघायचंय. तिकडची बोली येणारं कोणी..."

वाक्य पूर्ण व्हायच्या आत माझा हात वर.

"एक अट," मॅडम म्हणाल्या. "लोकांच्या वतीने तू उत्तर द्यायचं नाही."

मी हो म्हणालो. किती अवघड आहे ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

पहिला दिवस: गाडी आणि भरीत

बेंगळुरूहून संध्याकाळी दिल्लीकडे जाणारी गाडी पकडली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जळगाव. स्लीपर सहाशेच्या आसपास पडतं. कंपनीने मला थ्री-एसीचं काढून दिलं, आयुष्यात पहिल्यांदा. पांढरी चादर, कागदी पिशवीत. मी ती उघडलीच नाही, सकाळी तशीच परत केली. मॅडम हसत होत्या. मनमाडनंतर खिडकीतून काळी जमीन दिसायला लागली आणि मला बसवेना, दारात जाऊन उभा राहिलो. कपाशी वेचून झालेली, मधेच हिरवा हरभरा, पुढे केळीचे मळे. मॅडमना एकेक दाखवत होतो, त्या वहीत लिहून घेत होत्या. केळीच्या बागेत लिहून घेण्यासारखं काय असतं देव जाणे.

जळगावला स्टेशनजवळ आठशेत बरी खोली मिळते, गरम पाण्याची बादली धरून. थंडीत जाणार असाल तर भरीत सोडू नका. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं वांगं, लाकडी बडगीत ठेचलेलं, वर कांद्याची पात आणि सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी. दोघांचे तीनशे चाळीस झाले. मॅडमनी पहिला घास घेतला, डोळ्यांतून पाणी, तरी हात थांबेना. वाढणारा म्हणाला, "ताई, दही देऊ का?" मी लगेच, "नको, चालतं त्यांना तिखट."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "अट?"

दही आलं.

दुसरा दिवस: एरंडोल

जळगाव बसस्टँडवरून धुळ्याकडे जाणारी कुठलीही एसटी एरंडोलला थांबते. तासभर लागतो. बायकांना अर्धं तिकीट आहे हे मॅडमना माहीत नव्हतं. कंडक्टरने पैसे परत दिले तेव्हा त्यांना वाटलं आपलं काहीतरी चुकलं.

एरंडोलला एका मारवाडी शेठजींचं पंप-पाइपचं दुकान आहे. आजोबांच्या वेळचं. आमचे डबे तिथून विकले जातात. शेठजींनी चहा मागवला आणि आतल्या फळीकडे बोट केलं. फळीवर आमचे डबे. वापरलेले, परत आलेले. माझं पासचं स्टिकर मी लांबूनही ओळखतो.

"खराब झाले म्हणून आणले?" मी विचारलं.

"खराब कशाला? एकदम चांगले आहेत. लोक म्हणतात, शेठ, हा डबा भांडणं लावतो, ठेवून घ्या."

मी तोंड उघडलं. मॅडमनी वही हलवली. मी तोंड मिटलं. मग मॅडम काही बोलल्याच नाहीत. चहा पीत बसल्या. ही त्यांची युक्ती मला नंतर कळली. गप्प बसलं की समोरचा माणूस स्वतःहून पुढचं बोलतो. शेठजी बोलले.

"एक गोष्ट सांगू का? ज्याची विहीर एकट्याची, त्याची तक्रार नाही. भाऊभाऊ मिळून पाणी घेतात ना, त्यांचे डबे पंधरा दिवसांत इथे."

"हे कंपनीला कधी सांगितलंत का?"

"कंपनीने कुठे विचारलं? कंपनीचा फोन येतो तर म्हणते, पाचपैकी किती तारे देता. मी म्हणतो पाच. झालं."

मॅडम इतक्या हसल्या की कप लवंडला. पण नंतर त्यांनी ते वाक्य वहीत लिहून दोनदा अधोरेखित केलं.

दुपार मोकळी होती म्हणून रिक्षा करून पद्मालयला गेलो, जाऊन-येऊन तीनशे. जंगलात तळं, तळ्यात कमळं आणि देवळात एका ठिकाणी दोन गणपती, एकाची सोंड उजवीकडे, एकाची डावीकडे. मॅडमनी विचारलं, "दोघांपैकी पूजा कोणाची आधी?" पुजारीबुवा म्हणाले, "दोघांची एकदमच. म्हणून तर नीट चाललंय." येताना मोदक घ्या, चांगले असतात. मग पारोळ्यावरून धुळे, दोन तास. धुळ्याला शेवभाजी खाल्ली. मी तीन वाट्या रस्सा संपवला, घराच्या जवळ आल्यावर भूक वाढते.

तिसरा दिवस: सोनगीर आणि घर

धुळ्याहून सोनगीर अर्धा तास, आग्रा रोडने. वेळ असेल तर किल्ल्यावर चढा. वर फार काही उरलेलं नाही पण वारा छान लागतो आणि महामार्गावरचे ट्रक खेळण्यातल्यासारखे दिसतात. आम्ही चढलो नाही. मला वाइंडिंगचं दुकान गाठायचं होतं.

आमची मोटर कोपऱ्यात, मानेला तारेने चिठ्ठी बांधलेली. नवी तार भरून तयार. मिस्तरी म्हणाला, "बारा दिवस झाले. तुझे आबा येऊन बघून गेले, बिल विचारलं. दोन दिवसांनी तुझे नाना आले, बिल विचारलं. न्यायला कोणीच नाही. मोटर ह्यांची का त्यांची, तेच मला कळेना."

बिल सहा हजार सातशे पन्नास.

"जळाली कशाने?" मॅडमनी विचारलं. मी बोलीत विचारून दिलं, काही न मिसळता.

"पुन्हा पुन्हा चालू केल्याने. मोटर उठताना जास्त ओढते. दम घ्यायच्या आत परत उठवली की आतून जळते. व्होल्टेज नाही, हात शे हा कोनातरी."

म्हणजे कोणीतरी हातानेच केलेलं होतं. मला आनंद झाला, खरं सांगतो. डबा सुटला! आता आबा नाही तर नाना. पण दोघांपैकी कोणीही निघालं तरी मला नको होतं.

नरडाण्याच्या अलीकडे आमच्या गावाला फाटा फुटतो, तिथून टमटम वीस रुपये. मायने मॅडमना ओवाळलं. जेवताना विषय निघालाच. मॅडमनी विचारलं, डबा यायच्या आधी पाळी कशी चालायची? आबा म्हणाले, त्यात काय, घंटा होती. बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा, सोनगीरला बनवलेली. बैल गेले, घंटा राहिली. ज्याच्या घरी घंटा, त्याचं पाणी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दुसऱ्या घरी पोहोचवायची, पिढ्यानपिढ्या असंच. नेणारा चहा पिऊनच परत यायचा. कोणाच्या वाफ्याला पाणी कमी पडलं, कोण उद्या बाजाराला जाणार, हे सगळं त्या चहात व्हायचं.

"आता घंटा कुठे आहे?"

"नानाकडे असेल. नाहीतर आमच्याकडे." आबांनी मायकडे बघितलं. माय म्हणाली, "डबा आल्यापासून कोणी नेलीच नाही. कशाला न्यायची, फोनवर होतं ना."

हे तर मलाही माहीत होतं. लहानपणी घंटा पोहोचवायला मी कितीदा पळालो असेन, काकू गुळाचा खडा द्यायची. पण डबा बसवताना एकदाही मनात आलं नाही.

मॅडम कागद घेऊन बसल्या. त्यांच्याजवळ मोटर जळाली त्या सकाळची नोंद होती, किती वाजता कोणत्या फोनवरून बटन दाबलं. पण ती त्या उघडेनात. म्हणाल्या, "ही नोंद दोन्ही घरांची आहे. दोघांनी हो म्हटलं आणि दोघं समोर असले तरच दाखवीन."

दोघं समोर! गेला महिना जी माणसं एकमेकांना बघून रस्ता बदलतात, ती.

नानांकडे मी एकटा गेलो. ओट्यावर बसले होते. "उना का रे डबावाला?" म्हणाले. मी पाया पडलो. सगळं सांगितलं. त्यांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "विहिरीवर येसू. त्याना घर नही."

चौथा दिवस: विहीर

सकाळी आठ वाजता. विहिरीच्या या काठावर आबा, त्या काठावर नाना, दोघांची तोंडं दोन दिशांना. मधे मी आणि मॅडम. मोटरची जागा रिकामी, नुसते पाइप लोंबकळत होते.

"त्याले सांग, मोटर त्यानामुये जयनी," आबा मला म्हणाले.

"त्याले सांग, मी चालू कसाले करसू? मन्ही पाळी नव्हती ती," नाना म्हणाले.

दहा फुटांवर दोघं, आणि मी मधे टपाल पोहोचवतोय. मॅडमनी आधी वेगळंच केलं. त्यांनी कागदावर फोनचा चौकोन काढला, त्यात हिरवं-लाल बटन, आणि नानांच्या हातात दिला. "त्या दिवशी तुम्ही काय केलं, मला करून दाखवा."

"कागदले दाबीसन मोटर चालू व्हस का व माय?" नाना म्हणाले आणि त्या काठावरून आबांना हसू फुटलं. फुटलं आणि त्यांनी ते खोकल्यात घातलं.

नानांनी कागदावर बोट ठेवलं. लालवर. म्हणाले, आधी बंद केली. सकाळी फोन बघितला, मोटर चालू दिसली. पाळी धाकट्याची. पण धाकट्याच्या वावरात त्या दिवशी कोणी दिसत नव्हतं. "माले वाटनं, धाकला इसरी गया. पानी वाया जाई. म्हनून बंद करी."

आबांनी मान वळवली. "वावरात मी नव्हतो कारण मी घरी होतो. घरूनच चालू केली होती. डबा कशासाठी आहे मग?" आणि मग हळूच, "बंद दिसली तं मी समजनू लाईट गई अन् परत उनी. परत चालू करी."

"मी परत बंद करी," नाना म्हणाले. "तुन्हासाठी."

बटन सगळ्यांना दिसत होतं, पण दाबणारा कोणालाच दिसत नव्हता. मॅडम काही लिहीत नव्हत्या आता. दोघांनी हो म्हटल्यावर त्यांनी नोंदीचा कागद उघडून विहिरीच्या कठड्यावर ठेवला, वर दगड ठेवला. सहा चाळीसपासून आठपर्यंत अकरा वेळा. पुढे फोन नंबरचे शेवटचे दोन आकडे. नानांनी आपले आकडे शोधले. पाच वेळा, सगळे बंद. आबांचे तीन, सगळे चालू.

"पाच अन् तीन आठ," नाना म्हणाले. शाळेत ते माझ्यापेक्षा जास्त शिकलेत. "बाकी तीन कोनाना?"

मॅडम बोलल्या नाहीत. ती त्यांची गप्प बसायची युक्ती नव्हती. त्या माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. मी कागदावर वाकलो. शेवटचे दोन आकडे, चौऱ्याहत्तर.

माझा नंबर.

आणि मग आठवलं. कंपनीच्या गेटबाहेर चहाची टपरी, बिहारचा दिलीप सोबत. मी त्याला म्हणालो, हे बघ, इथून माझ्या विहिरीची मोटर चालू करतो, हजार किलोमीटर. अ‍ॅप उघडलं, बंद दिसलं, दाबलं, चालू. दिलीप म्हणाला वा. पाच मिनिटांनी परत बघितलं तर बंद. अरे, असं कसं, परत दाबलं. परत बंद. इज्जतीचा सवाल झाला, तिसऱ्यांदा दाबलं. मग भोंगा झाला आणि मी कामावर गेलो. विसरलोसुद्धा. कोणी विचारलं असतं की हा डबा वापरतं कोण, तर मी सांगितलं असतं आबा आणि नाना. मी तर देणारा ना.

अकरावी नोंद, शेवटचं चालू, आठला तीन मिनिटं कमी असताना. ज्याच्यानंतर मोटर उठलीच नाही. ते चौऱ्याहत्तर होतं.

गप्प राहता आलं असतं. आकड्यांवरून त्यांनी ओळखलं नसतं, दोघांच्या फोनमध्ये मी नावाने आहे. व्होल्टेज म्हटलं असतं तरी खपलं असतं, आता दोघांना भांडायचंही नव्हतं.

"माझे," मी म्हणालो. "तिन्ही माझे. शेवटचं पण." टपरी, दिलीप, सगळं सांगितलं. महिनाभर फोनवर मी किती जोरात भांडलो तेही आठवत होतं सगळ्यांना, ते वेगळं सांगावं लागलं नाही.

 मग नाना उठले, विहिरीला वळसा घालून या काठाला आले आणि आबांच्या शेजारी बसले. "बठ्ठासनी मिळीसन जाळी तं," म्हणाले, म्हणजे सगळ्यांनीच मिळून. "मी समजत व्हतू तूच शे."

"मीबी तेच समजत व्हतू," आबा म्हणाले.

"तीन बोटं. बिलना तीन वाटा," नाना म्हणाले.

आबा म्हणाले, पोराचा वाटा मी भरतो. नाना म्हणाले, नही, तो मोठा शे, बेंगलोरले राहस, इथली मोटर तिथून चालू करस. भरू दे. टोमणा होता, पण पाठीवर हात ठेवून मारलेला.

दुपारी दोघं भाऊ एका टमटममध्ये सोनगीरला गेले आणि मोटर घेऊन आले. बिल त्यांनी तिथेच दिलं, माझ्या वाट्याचं नानांनी घातलं. संध्याकाळी घंटा सापडली, नानांच्या गव्हाच्या कोठीमागे. काकूने चिंचेने घासून चकचकीत केली आणि स्वतः घेऊन आली, कारण दुसऱ्या दिवसापासून पाळी आमची होती. चहा झाला. मॅडमना गुळाचा खडा मिळाला, मलाही.

निघायच्या आधी मॅडमनी अजून एक कागद काढला. त्यात बटनाच्या वर घंटेचं चित्र आणि खाली जागा, कोणी दाबलं त्याचं नाव. नानांनी बोट ठेवलं. "घंटा ज्याना घर, त्यानाच फोनवर बटन दाबाई. बाकीनासले नुसतं दिसू दे." मॅडमनी जसंच्या तसं लिहून घेतलं. या वेळी मी काहीच मिसळलं नाही, गरजच नव्हती.

आता बेंगळुरू. इंजिनियर अजून व्होल्टेज म्हणतायत, पण मॅडमनी मीटिंगमध्ये शेठजींच्या फळीचा फोटो भिंतीवर लावला आणि मला उभं करून विहिरीचं सांगायला लावलं. माझ्या टेबलावर आता तपासायची पद्धत मीच बदललीय. दोनदा चालू-बंद करतोच, टक आवाज ऐकतोच, आणि मग दुसऱ्या फोनवरून बघतो की त्याला काय दिसतं. हे कोणी सांगितलं नाही. साहेब विचारतात वेळ का लागतो.

खर्चाचं विचारणाऱ्यांसाठी: गाडी सोडून चार दिवसांत खाणं, खोल्या, एसटी, रिक्षा मिळून माणशी तीन हजारांच्या आत होतं. थंडीत जा. एरंडोलचे मोदक, जळगावचं भरीत, सोनगीरचा वारा.

माय कालच सांगत होती, कांदा लागला, निम्मा आमचा आणि निम्मा नानांचा, एकाच आठवड्यात. घंटा नानांकडे गेलीय. माझ्या फोनवर मोटर दिसते, पण बटन मी काढून टाकायला सांगितलं. नुसतं हिरवं दिसलं तरी बरं वाटतं.

आबा, डबा खराब नव्हता, हे अजूनही खरं आहे. बाकी नानांना सांगा, पगार झाला, आज त्यांच्या नंबरवर पाठवतोय, दोन हजार दोनशे पन्नास.